बारवेच्या पाचव्या पायरीवर

नारू म्हणजे काय, हे आता नातवंडांना समजावून सांगावं लागतं, आणि सांगताना माझं जेवण बिघडतं. तो पांढरा, दोऱ्यासारखा, हातभर लांब किडा असतो आणि माणसाच्या पायातून बाहेर येतो. आधी घोट्याशी फोड उठतो, त्याची आग आग होते, मग तो फुटतो आणि आतून हा डोकावतो. त्याला ओढून काढता येत नाही. रोज बोटभर काडीला गुंडाळायचा, असे पंधरा-वीस दिवस. घाई केली की तो आतल्या आत तुटतो आणि पाय सडायला लागतो. तरी नारवाची किळस मला स्वतःच्या किळसेच्या मानानं कमीच आहे, कारण त्याला अक्कल नव्हती. मला होती, निदान तसा माझा समज होता.

एकोणीसशे तीसच्या पुढची ती वर्षं. नंदुरबारहून कोरीटच्या बाजूला जाणाऱ्या गाडीवाटेवर एक गाव होतं, तिथल्या लोकल बोर्डाच्या शाळेत मी मास्तर होतो. गावात इंग्रजी वाचणारा मी एकटा. एकट्या शहाण्या माणसाइतका धोकादायक प्राणी दुसरा नाही, कारण त्याला अडवायला कुणी नसतं. नंदुरबारच्या शाळेतले एक हेडमास्तर पेन्शनीत निघाले तेव्हा त्यांनी रद्दीत काढलेल्या पुस्तकांतलं एक मला दिलं. पहिली पानं वाळवीनं खाल्लेली, म्हणून लेखक कोण हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्यात ग्रीस आणि रोममधल्या स्टोइक नावाच्या तत्त्वज्ञांची शिकवण सांगितली होती. दोन हिवाळे मी ते पुस्तक उशाशी घेऊन झोपलो.

सांगणं सोपं होतं. काही गोष्टी आपल्या हातात असतात, काही नसतात. शरीराचं दुखणं, हवापाणी, लोकांचं बोलणं, गावची रीत हे हाताबाहेरचं, त्यासाठी तळमळू नये. आपलं मत आणि आपलं वागणं हातातलं, ते सांभाळावं. यातला पहिला भाग मला फार आवडला. दुसरा मी वाचला आणि पान उलटलं.

आवडलेल्या भागाचा मी प्रयोग सुरू केला. उशी सोडली. वहाणा सोडल्या. तिखट सोडलं, आणि आमच्या मुलखात, जिथे अंगणा-अंगणात मिरच्या वाळत पडलेल्या असतात, तिथे बिनतिखटाची भाजी खाणारा माणूस वेडाच ठरतो. ‘मास्तरनं डोकं फिरनं,’ असं पारावरची मंडळी माझ्यासमोर म्हणत. लोकांचं बोलणं हाताबाहेरचं म्हणून मी हसत असे, आणि आपण हसलो याचा मला आनंद होत असे. हा आनंद होण्यासाठी लोकांनी बोलत राहणं गरजेचं होतं, हे काही माझ्या लक्षात आलं नाही.

सगळ्यांत मोठं व्रत म्हणजे पहाटेची अंघोळ. गावाला पाणी एकाच बारवेचं. चौकोनी, दगडी, तीन बाजू उभ्या आणि एका बाजूनं थेट पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या. मी पाचव्या पायरीवर उभा राहत असे. तिथे पाणी पोटरीपर्यंत येई. पौषातही मी तिथेच उभा राहून तांब्यातांब्यानं अंगावर पाणी घ्यायचो, दात वाजू द्यायचे नाहीत. आणि तहान लागली की तेच पाणी ओंजळीनं प्यायचो, न गाळता. देहाचे लाड नकोत, हे कारण.

माझी बायको पाणी गाळत असे. हे ती शेजारच्या मारवाडी म्हातारीकडून शिकली होती. त्या घराचं गावात किराणा दुकान, घर जैन, आणि म्हातारी पाण्याच्या बाबतीत फार कडक. घागरीच्या तोंडावर फडक्याची दुहेरी घडी, त्यातून पाणी. मग ते फडकं उलटं करून थोड्या पाण्यात खळबळायचं आणि ते पाणी, ज्याला त्या घरात जिवाणी म्हणत, परत बारवेवर नेऊन सोडायचं. तेही वरून ओतायचं नाही. लोट्याला दोरी बांधून अगदी पाण्याला टेकवून, हळूच. फडक्यात अडकलेले बारीक जीव आपल्या घरी परत जावेत म्हणून.

मला त्या जिवाणीची शिसारी येत असे. गाळून काढलेली घाण पुन्हा गावाच्या पाण्यात. मी हे पारावर बोललो, शाळेत बोललो, चावडीवर बोललो. म्हातारीचा धर्म आणि गावाचं पोट असा मोठा विषय करून बोललो. लोकांनी माना डोलावल्या. माझ्या भाषणांपैकी तेवढं एकच त्यांना पटलं.

पाणी गाळून पिणं मला मरणाचं भय वाटे, म्हणून बायकोला मी विचारलं, “मराले भ्यास का तू, पानी गायीसन पेस ते?”

ती फडकं पिळत होती. म्हणाली, “मरानी भीती नही. घाननी किळस येस.”

मला तिची कीव आली. किळस हा सुद्धा मनाचा दुबळेपणाच, असं पुस्तकाच्या आधारानं मी तिला अर्धा तास सांगितलं. तिनं ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी गाळलं. माझा तांब्या मात्र मी वेगळा ठेवला.

बारवेबद्दल आणखी एक सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काही घरांना तिच्या पायऱ्या उतरायची मुभा नव्हती. त्यांच्या स्पर्शानं पाणी बाटतं, असं गाव मानत असे. त्या बायका रिकामी मडकी घेऊन वर उन्हात उभ्या राहत, कुणी दया येऊन भरून देईपर्यंत. एकदा मी ओल्या अंगानं वर येत होतो तेव्हा त्यांतली एक म्हणाली, “मास्तर, एक मडकं भरी द्या ना.” मी गावच्या रितीचा विचार करत निघून गेलो, ती माझ्या हाताबाहेरची होती म्हणून. तांब्या माझ्या हातातच होता.

पुढच्या चैत्रात माझ्या उजव्या घोट्याशी फोड आला.

आग अशी की पाय चुलीत धरल्यासारखा. मी तोंडातून ब्र काढला नाही. गावचा न्हावी नारू काढण्यात तरबेज होता. त्यानं फोड फुटल्यावर किड्याचं टोक काडीला बांधलं, रोज सकाळी येऊन एक वेढा देई आणि काडी पायाला बांधून जाई. मी एकदा चिडून जरा ताण दिला तेव्हा तो म्हणाला, “वढू नका मास्तर. तो तेना मनथीन यी ऱ्हायना, यिऊ द्या.” तो आपल्या मनानं येतोय, त्याला येऊ द्यावं, हे मला पुस्तकातलंच वाक्य वाटलं. मी त्या किड्यालाच गुरू केलं. शाळेत मुलांना पाय दाखवून धीर म्हणजे काय ते शिकवलं. वर्गातल्या दोघातिघांना ओकाऱ्या झाल्या, तर मी त्यांना रागावलो.

काडी बांधायला मऊ, धुतलेलं फडकं हवं होतं. घरात तसं एकच होतं, बायकोचं पाणी गाळायचं. मी ते मागितलं. तिनं ते दांडीवरून काढून हातात धरलं. मी म्हणालो, “आते ह्या फडकानं काही तरी भलं व्हई.” तिनं दिलं. दुसरं फाडून घेते म्हणाली, तेव्हा मी नको म्हटलं. नवऱ्याचा पाय दुखतोय आणि बायको फडक्यांचे चोचले करते, हे मला शोभेना. माझा पाय बरा होईपर्यंत आमच्या घरात पाणी गाळलं गेलं नाही.

आणि त्या पायासकट मी रोज पहाटे बारवेवर जात होतो. व्रत मोडलं असतं ना. शिवाय खरं सांगायचं तर त्या थंड पाण्यात पाय घातला की आग क्षणात विझायची. चामड्याचे लाड नकोत म्हणणारा मी, त्या थंडाव्यासाठी दिवसभर पहाटेची वाट पाहत असे. पाय पाण्यात गेला की फोडातून दुधासारखं पांढुरकं काहीतरी सुटायचं, पाण्यात पसरायचं आणि नाहीसं व्हायचं. मी हे रोज पाहिलं. अगदी शांतपणे पाहिलं. तेवढ्यात वरच्या पायऱ्यांवर बायका घागरी घेऊन यायच्या, माझी अंघोळ आटोपायची वाट पाहायच्या, आणि मग त्याच पाण्यात घागरी बुडवायच्या.

एक दिवस ती मारवाडी म्हातारी लोटा घेऊन तिथे आली. माझ्या पायाकडे बघून तिचा चेहरा आंबट झाला. तिची बोली निम्मी मारवाडी. म्हणाली, “मास्तरजी, पग पाणी में मत मेलो. पाणी में जीव है.” पाय पाण्यात घालू नका, एवढंच तिचं म्हणणं. तिला पाण्यातल्या जिवांची काळजी पडलीय आणि माणसाच्या दुखण्याची नाही, असं मला वाटलं. मी पाय आणखी एक पायरी खाली नेला.

जेमतेम वर्ष उलटलं. गावात घरोघर नारू निघाला. एका घरात दोन, एका घरात चार. नांगरायची माणसं बाजेवर पडली. शाळेत निम्मी मुलं येईनात. मी त्यांच्या घरी जाऊन सहनशीलतेवर बोलत होतो. माझ्या तोंडाला तेव्हा कुणी काळं फासलं नाही, हे गावाचे उपकारच.

बायकोला गुडघ्याशी आला होता. मला पंधरा दिवस पत्ताच नाही. लुगडं खाली ओढून ती दळत होती, पाणी भरत होती, आणि मी तिच्या चालण्याकडे पाहिलंच नव्हतं. कळलं तेव्हा मी विचारलं, सांगितलं का नाहीस. ती म्हणाली, “तुम्हीच सांगतस ना, दुखनं बोली दखाडानं नही.” मी तिची पाठ थोपटली. हे आठवलं की आजही मला स्वतःचा हात तोडून टाकावासा वाटतो.

त्यानंतर चौथ्या दिवशी जात्यावरून उठताना काडी लुगड्यात अडकली आणि नारू आत तुटला. तुटल्यापासून तिसऱ्या दिवशी गुडघा भोपळ्याएवढा झाला, अंग तापानं फणफणलं, आणि जखमेला असा वास सुटला की खोलीत जायला मी नाकाला पंचा लावायचो. किळस हा दुबळेपणा असं शिकवणारा मी. तिला बैलगाडीत घालून नंदुरबारच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी गुडघा चिरला. घमेलंभर पू निघाला. पाय वाचला, पण गुडघा वाकणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. मग मला बाजूच्या बाकावर बसवून, मास्तर आहे म्हणून, त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. नारवाचा पाय पाण्यात पडला की त्याची पिल्लं पाण्यात सुटतात. पाण्यात डोळ्यांना धड दिसतही नाहीत असे बारीक किडे असतात, ते ही पिल्लं खातात. असं पाणी न गाळता प्यायलं की वर्षभरानं पिणाऱ्याच्या पायातून नारू निघतो. साधं दुहेरी फडकं लावलं तरी ते बारीक किडे वर राहतात.

“बारवेत उतरायच्या पायऱ्या बुजवा, रहाट बसवा,” ते म्हणाले. “आणि मागच्या उन्हाळ्यात तुमच्या गावात नारू कुणाला झाला होता? पाय पाण्यात घालायचा का तो?”

मी कागदावरच्या चित्राकडे बघत म्हणालो, “असेल कुणीतरी.”

शेजारच्या खाटेवर माझी बायको पडली होती. तिचे डोळे मिटलेले होते, पण ती जागी होती. मला ते माहीत होतं आणि तरीही मी तसंच बोललो.

गावात परतल्यावर मी चावडीवर डॉक्टरांचं म्हणणं सांगितलं. पायऱ्या बुजवायचं, रहाटाचं, फडक्याचं, सगळं सांगितलं. एवढंच गाळलं की तो पाय कुणाचा. मंडळींनी ऐकलं. मग एकजण म्हणाला, “म्हंजे पानीमा कोनी तरी घान टाकी. मारवाडीन माय तठे रोज घान वतस. मास्तरनीच सांगेल शे.”

माझंच भाषण. माझ्याच तोंडचं. दोन वर्षं त्यांनी ते जपून ठेवलं होतं. पायऱ्या बुजवायचं ठरलं, आणि म्हातारीला बारवेवर यायची बंदी झाली. घरोघर माणसं कण्हत होती, कुणावर तरी राग काढायला हवा होता, आणि म्हातारी हाताशी होती. मी चावडीच्या खांबाला टेकून उभा होतो. पुस्तकात लिहिलं होतं तसं मनात म्हटलं, लोकांचं बोलणं माझ्या हाताबाहेरचं. इतकं घाणेरडं वाक्य मी त्या वेळी माझ्या मनात धरलं होतं, आणि ते मला स्वच्छ वाटत होतं.

म्हातारी भांडली नाही. डोक्यावर घागर घेऊन ती नदीच्या वाळूत खणलेल्या झिऱ्यावर जायला लागली, जाऊन-येऊन मैलभर, त्या वयात. तिथलं पाणी गाळून घेई आणि जिवाणी परत तिथेच सोडून येई. दोन वेळा मी तिला वाटेत पाहिलं. दोन्ही वेळा मी खाली मान घालून पुढे निघून गेलो. दुसऱ्या वेळी माझ्या मागे बायको दारात उभी होती. ती तेव्हा काठी धरून घरातल्या घरात चालायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बारवेवर दगड पडायला सुरुवात झाली. पायऱ्या बुजवायचं काम पाहायला सगळं गाव जमलं होतं, मी पुढे उभा राहून दगड कुठे टाकायचे ते सांगत होतो. गलका एकदम थांबला म्हणून मागे वळून पाहिलं. बायको आली होती. डोक्यावर पदर, एक पाय लाकडासारखा ताठ, हातात काठी. चार मोठ्या माणसांसमोर तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं.

ती म्हणाली, “मायना काही दोष नही. मागला साल ह्यासना पायमा नारू व्हता. रोज सकायले तो पाय ह्याच पानीमा व्हता. तुम्ही समदासनी दखेल शे.”

आवाज चढवला नाही, रडली नाही. तशीच वळली आणि घरी निघाली. लोक माझ्या तोंडाकडे न बघता माझ्या पायाकडे बघत होते. घोट्यावर अजून तो काळा वण होता. ज्या बायकांना पायऱ्या उतरायला बंदी होती त्या नेहमीसारख्या लांब उभ्या होत्या, त्याही बघत होत्या. ज्यांच्या बोटानं हे पाणी बाटलं असतं त्यांच्यासमोर गावानं महिनाभर माझ्या फोडाचं पाणी पिऊन दाखवलं होतं. मी म्हणालो, “खरं शे.” कुणी मला मारलं नाही, शिवीही दिली नाही. न्हावी दगड उचलायला वाकला, मग बाकीचे वाकले.

घरी आलो तेव्हा ती ओट्यावर पाय पसरून बसली होती. शेजारी भरलेली घागर, रिकामी कळशी आणि एक नवं, कोरं फडकं. माझ्या मनात पुष्कळ होतं. तुझा पाय माझ्यामुळे गेला, मी डॉक्टरांशी खोटं बोललो, मी नीच आहे, असं सगळं वाटेत जुळवत आलो होतो. खरं तर तिनं मला शिव्या द्याव्यात, अशी माझी इच्छा होती. म्हणजे मी त्या मुकाट्यानं सोसल्या असत्या आणि त्यातही थोडं बरं वाटून घेतलं असतं. मी तोंड उघडलं तेव्हा तिनं हात वर केला.

“तुम्ही मायनं ऐकं नही, ते मन्हा हातमा नव्हतं,” ती म्हणाली. “डागतरले खोटं सांगं, तेबी मन्हा हातमा नव्हतं. पन फडकं मन्हा हातमा व्हतं. तुम्ही मांगं आन् मी दी दिनं. तुम्हनी नही, मन्ही मले किळस येस.”

मी पुस्तक दोन हिवाळे वाचलं होतं. तिनं माझ्या बडबडीतून पडेल तेवढंच उचललं होतं. आणि मी पान उलटून टाकलेला तो दुसरा भाग तिनं घेतला, आणि सगळाच्या सगळा स्वतःवर चालवला. तू चुकतेस, दोष तुझा नाही, असं तिला सांगायला हवं होतं. पण दोष दुसऱ्यावर टाकायचा नाही, हे तिला मीच रोज जेवताना ऐकवलं होतं. आता कुठल्या तोंडानं सांगणार.

तिनं फडक्याची दुहेरी घडी केली आणि कळशीच्या तोंडावर टाकली. घागर उचलायला ती वाकायला गेली, पण गुडघा वाकेना. मी पुढे झालो. तिनं घागर मला दिली नाही. ती तिनं बसल्या बसल्याच ओढून कलती केली, आणि मला म्हणाली, “फडकं धरा.”

मी दोन्ही हातांनी फडकं ताणून धरलं. ती पाणी ओतत राहिली.